थर्बर : एका कुंपणांतल्या गांवाची कथा

गांवें ओस पडतात, हें आपणांस नवें नाहीं. नदीनें पात्र बदललें, लागोपाठ दुष्काळ पडले, पटकी-प्लेगांनीं घरेंच्या घरें बसविलीं, किंवा परचक्र आलें, म्हणजे वस्ती उठते. आणि मागें पांढरीचें टेंकाड व एखादें भग्न देऊळ तेवढें राहतें. अशा जागांच्या कथा मुलांस सांगण्यांत आमच्या शिक्षकी आयुष्याचा बराच भाग गेला आहे. परंतु आज ज्या गांवाची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्याची जात निराळी आहे. त्या गांवावर परचक्र आलें नाहीं, नदी फिरली नाहीं, कीं धरणीकंपहि झाला नाहीं. एका मनुष्याच्या आयुष्याच्या अवधींत तें जन्मास आलें, दहा हजारांच्या घरांत गेलें, आणि एखाद्या दुकानदारानें सायंकाळीं फळ्या लावून घरीं जावें तसें बंद करण्यांत आलें. अमेरिकेच्या टेक्सस प्रांतांतील या गांवाचें नांव थर्बर.

टेक्ससचें नांव हल्लीं आपल्या घरांतून परकें राहिलेलें नाहीं. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या शहरीं अनेक मराठी कुटुंबें नांदत आहेत, आणि कोणाचा ना कोणाचा मुलगा, जांवई किंवा भाचा तिकडे आहेच. ज्या भूमीवर आपलीं नातवंडें खेळत आहेत तिच्या पोटांतील एक जुनी कथा समजून घेणें, आम्हांस वाटतें, अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

फोर्टवर्थ शहरापासून पश्चिमेस सुमारें पंचाहत्तर मैलांवर ईरॅथ जिल्ह्याचा वायव्य कोपरा आहे. उंचसखल टेंकड्या, खुरटीं झाडें आणि गुरांचीं कुरणें, असा हा मुलूख. १८८० नंतर ‘टेक्सस अँड पॅसिफिक’ या कंपनीचा लोहमार्ग या भागांतून पश्चिमेकडे गेला. आगगाडीच्या इंजिनास त्या काळीं कोळसा हवा. तो दूर देशाहून वाहून आणावयाचा म्हणजे कोळसा वाहून नेण्यासाठींच कोळसा जाळावयाचा! अशा वेळीं लोहमार्गाच्या अगदीं जवळ भूमींत दगडी कोळशाचा थर आढळला, तेव्हां त्यास सोन्याचें मोल आलें यांत नवल नाहीं. १८८६ च्या डिसेंबरांत विल्यम व्हिपल जॉन्सन व हार्वे जॉन्सन या बंधूंनीं तेथें खाण सुरू केली.

हा थर कसा होता तें सांगितल्यावांचून पुढील कथेंतील कडवटपणा ध्यानीं यावयाचा नाहीं. त्याची जाडी अडीच फुटांहूनहि कमी. म्हणजे खाणींत माणसानें उभें राहण्याची तर गोष्टच नको, धड बसण्याचीहि सोय नाहीं. मजूर कुशीवर आडवा होई आणि कुदळीनें कोळसा खणीत राही. मजुरी मिळे ती दिवसाची नव्हे, तर वजनाची. आणि वजन होई तें सगळ्या कोळशाचें नव्हे, तर चाळणीवर उरलेल्या मोठ्या ढेकळांचें. चाळणींतून खालीं पडलेला बारीक चुरा मजुराच्या हिशेबीं धरला जात नसे. हा चुरा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जॉन्सन बंधूंजवळ भांडवल बेताचें. १८८८ सालीं एका पगाराच्या दिवशीं मजुरांस देण्यास पैसे नव्हते. मजुरांनीं संप केला, आणि त्याच वर्षीं बंधूंनीं खाण विकून टाकली. विकत घेणारी मंडळी ‘टेक्सस अँड पॅसिफिक कोल कंपनी’ या नांवानें एकत्र आली. तिचे अध्यक्ष कर्नल रॉबर्ट डिकी हंटर हे स्कॉटलंडांत जन्मलेले, गुरांच्या व्यापारांत पैसा मिळविलेले, मोठे धडाडीचे व तितकेच कठोर गृहस्थ होते. भागीदारांपैकीं न्यूयॉर्कचे एच. के. थर्बर यांचें नांव गांवास देण्यांत आलें. म्हणजे या गांवाला आरंभापासूनच ना ग्रामदेवतेचें नांव, ना नदीचें, ना आदिपुरुषाचें. नांव एका दूरच्या भांडवलवाल्याचें.

संपावर असलेले जुने मजूर हंटर यांच्याकडे आले तेव्हां त्यांनीं तडजोड केली नाहीं. त्यांनीं कंपनीच्या जमिनीभोंवतीं कांटेरी तारेचें कुंपण घातलें आणि त्या कुंपणाच्या आंत नवें गांव उभारण्यास प्रारंभ केला. कुंपणावर बंदूकधारी घोडेस्वारांचा पहारा असे. मजूरसंघाचा प्रचारक, बाहेरचा फेरीवाला किंवा कंपनीस नकोसा असलेला कोणीहि मनुष्य आंत येऊं नये, हा त्याचा हेतु. प्रांताच्या ‘रेंजर्स’ या सशस्त्र दलाचीहि मदत बोलाविण्यांत आली. संपकऱ्यांच्या जागीं इंडियाना प्रांतांतून कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. शेवटीं संप विरला, आणि बहुतेकांनीं कुंपणाच्या आंत संसार मांडले.

आपल्याकडे गांव म्हटलें कीं त्यास दोन अंगें असावयाचीं : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. घर ज्याचें त्याचें, शेत ज्याचें त्याचें. सुतार, लोहार, कुंभार यांचे हक्क ठरलेले. देऊळ व पाणवठा सर्वांचा. या व्यवस्थेंतहि अन्याय पुष्कळ होते, आणि पाणवठा सर्वांचा म्हणतांना आमची जीभ अडखळते. परंतु गांव कोणा एकाचें नव्हतें, एवढें खरें. थर्बरची काळी भूमीच्या पोटांत होती, आणि पांढरी व काळी या दोहोंचा धनी एकच होता. घरें कंपनीचीं, दुकानें कंपनीचीं, शाळा, चर्च, दारूचे गुत्ते, पाणी, बर्फ, वीज, सगळें कंपनीचें. मजुरानें कितीहि काटकसर केली तरी तेथें हातभर जमीन विकत घेण्याची त्यास सोय नव्हती. भाड्याचें घर, तेंहि नोकरी असेपर्यंत.

पगार महिन्यांतून एकदां. मध्यंतरीं पैशाची अडचण पडली तर कंपनी आपल्या चिठ्ठ्या देई. त्या कंपनीच्याच दुकानांत चालत, आणि पगाराच्या दिवशीं तेवढी रक्कम कापून घेतली जाई. अशा रीतीनें एका हातानें दिलेला पैसा दुसऱ्या हातानें परत येत असे.

तथापि केवळ काळी बाजू सांगून थांबणें न्याय्य होणार नाहीं. हंटर आणि त्यांच्यामागून आलेले चालक हे कंजूष नव्हते. त्या ओसाड मुलुखांत त्यांनीं जें उभें केलें तें पाहून आजूबाजूचे स्वतंत्र गांवकरी चकित होत. साडेसहाशेंहून अधिक प्रेक्षक बसतील असें नाटकगृह, ग्रंथालय, पथिकाश्रम, बर्फाचा कारखाना आणि घराघरांत विजेचे दिवे! विजेचा दिवा ही वस्तु त्या काळीं मोठमोठ्या शहरांतील सधन लोकांसहि अपूर्वाईची होती. थर्बरमध्यें ती खाणमजुराच्या माजघरांत होती. पाण्यासाठीं तलाव बांधला होता. शाळा होत्या. दहाबारा मैलांवरील शेतकरी मातीच्या तेलाचा दिवा लावून बसे, आणि हा मजूर विजेच्या उजेडांत जेवी. दोघांत सुखी कोण, हें ठरविणें सोपें नाहीं. शेतकऱ्याचा दिवा मात्र त्याचा स्वतःचा होता.

माणसें कोठकोठून आलीं म्हणावीं! इटली, पोलंड, इंग्लंड, आयर्लंड येथून फार. त्याशिवाय मेक्सिको, जर्मनी, फ्रान्स, बेल्जम, ऑस्ट्रिया, स्वीडन, रशिया. इटालियनांची वस्ती एका टेंकडीवर होती; तिचें नांवच ‘इटालियन हिल’ पडलें. एका भाषेच्या मजुरास दुसऱ्याचें बोलणें समजत नसे, आणि पुष्कळांस इंग्रजी येत नसे. ही गोष्ट कंपनीच्या फार पथ्यावर पडली. ज्यांस एकमेकांचीं सुखदुःखें कळत नाहींत ते एकत्र येऊन मागणें मागतील कसें? खाणींतून वर आल्यावर तहान भागविण्यास गुत्ते होतेच. पुढें जिल्ह्यांत दारूबंदी झाली, तेव्हां गुत्ता शेजारच्या पॅलो पिंटो जिल्ह्याच्या हद्दींत नेऊन उभा करण्यांत आला. सरहद्द गांवालगतच असल्यामुळें कायद्याचाहि मान राहिला आणि धंदाहि बुडाला नाहीं!

१८९७ सालीं गांवास दुसरा धंदा लाभला. टेंकडीची माती विटांस उत्तम आहे असें आढळून आलें आणि तेथें विटांचा मोठा कारखाना निघाला. भट्ट्यांस जळण कोणतें? तर इंजिनास निरुपयोगी म्हणून बाजूस पडलेला बारीक कोळसा. ज्या चुऱ्याबद्दल मजुरास दिडकी मिळत नव्हती तो आतां विटा भाजूं लागला! थर्बरची वीट दगडासारखी टणक असे आणि तिच्यावर गांवाचें नांव उठविलेलें असे. प्रांताची राजधानी जें ऑस्टिन, तेथील राजमार्ग ‘काँग्रेस अव्हेन्यू’ या विटांनीं बांधण्यांत आला. फोर्टवर्थच्या रस्त्यांवरहि त्या पसरल्या. गांव पुसलें गेलें तरी गांवाच्या विटा फोर्टवर्थमध्यें अजून रहदारीचा भार सोशीत आहेत.

आतां या कथेंतील सर्वांत उजळ प्रकरणाकडे आपण वळूं. हंटर १८९९ सालीं बाजूस झाले व त्यांचे जांवई एडगर मार्स्टन अध्यक्ष झाले. ते न्यूयॉर्कास असत. प्रत्यक्ष कारभार विल्यम नॉक्स गॉर्डन या व्हर्जिनियाकडील अभियंत्याच्या हातीं आला. हा मनुष्य स्वभावानें सौम्य, कामांत निष्णात आणि मजुरांच्या आदरास पात्र झालेला. परंतु कुंपण होतें तेथेंच होतें.

१९०३ च्या सप्टेंबरांत ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या खाणमजुरांच्या संघानें थर्बरमध्यें शिरकाव केला. प्रचारक कुंपणाच्या आंत येऊं शकत नव्हते, म्हणून सभा बाहेर, जवळच्या लायरा या खाणीच्या वस्तीजवळ भरली. ज्या भाषाभेदावर कंपनीनें भिस्त ठेविली होती तो भेद त्या दिवसांत कोठें गेला कोणास ठाऊक! इटालियन, पोल, मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि गोरे अमेरिकन असे हजाराहून अधिक मजूर घरदार सोडून रानांत जमले व त्यांनीं संघाची शपथ घेतली. त्यांच्या पाठोपाठ विटांच्या कारखान्यांतील लोकहि आले. ‘रेंजर्स’ पुन्हां आले होते, परंतु दंगा झाला नाहीं; त्यांस करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. मजुरांनीं शस्त्र उचललें नाहीं, यंत्र मोडलें नाहीं. त्यांनीं केलें तें इतकेंच, कीं सामानसुमान विकून गाडीचीं तिकिटें काढलीं आणि शेंकड्यांनीं गांव सोडण्यास आरंभ केला.

येथें एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. ज्या मजुरास गांवांत घर नाहीं, शेत नाहीं, त्यास बांधून ठेवणारेंहि कांहीं नाहीं. कंपनीनें त्याच्या पायांत मुळेंच फुटूं दिलीं नव्हतीं. तेव्हां तो चालूं लागला तर त्यास अडवावें कशानें? स्वामित्वाच्या ज्या धोरणावर कंपनीचें सामर्थ्य उभें होतें तेंच धोरण त्या महिन्यांत तिच्यावर उलटलें. रिकाम्या खाणी पाहून चालकांनीं महिनाअखेरीस समेट केला. संघास मान्यता मिळाली, मजुरी वाढली, कामाचा दिवस आठ तासांचा झाला. कुंपणहि पुढें गेलें. यानंतर थर्बर हें संपूर्ण अमेरिकेंत मजूरसंघाचें शंभर टक्के गांव म्हणून नांवारूपास आलें. तेथें संघाबाहेरचा कामगार औषधासहि सांपडत नसे. पुढील सुमारें पंधरा वर्षें मालक व मजूर यांचा संबंध सलोख्याचा राहिला. १९०८ सालीं विजेच्या कारखान्यासाठीं १२८ फूट उंचीचें विटांचें धुराडें उभें राहिलें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास लोकसंख्या आठदहा हजारांवर गेली होती. टेक्ससांत त्यावेळीं दगडी कोळशाचें त्याहून मोठें ठाणें नव्हतें.

पण याच वैभवाच्या पायाखालीं भुयार खणलें जात होतें. १९०१ च्या जानेवारींत त्याच प्रांताच्या दुसऱ्या टोंकास, बोमाँट गांवाजवळ स्पिंडलटॉप येथें खनिज तेलाचा प्रचंड फवारा उसळला होता. तेल स्वस्त झालें. आगगाड्यांच्या कंपन्या एकेक करून इंजिनांत कोळशाऐवजीं तेल जाळूं लागल्या. तेलास फावडें मारणारा लागत नाहीं, राख पडत नाहीं, आणि तें जमिनींतून वर येतांना कोणास कुशीवर निजावें लागत नाहीं. थर्बरच्या कोळशाचें मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आगगाडी. तिची वाट बदलूं लागली हें गॉर्डन यांच्यासारख्या जाणत्या मनुष्यास दिसत नव्हतें असें नाहीं.

म्हणून त्यांनीं स्वतःच तेल शोधावयास घेतलें. थर्बरच्या पश्चिमेस कांहीं मैलांवर रेंजर नांवाचें लहानसें गांव होतें. दुष्काळानें गांजलेल्या तेथील लोकांनीं आपल्या जमिनी कंपनीस खणण्यास दिल्या. भूगर्भशास्त्रज्ञांचें मत तितकेंसें अनुकूल नव्हतें. पहिल्या प्रयत्नांत हवें तें यशहि आलें नाहीं. तरी गॉर्डन डगमगले नाहींत. १९१७ च्या ऑक्टोबरांत मॅक्लेस्की नांवाच्या शेतकऱ्याच्या भूमींत सुमारें ३,४०० फूट खोलीवर तेल लागलें, आणि पाहतां पाहतां सारा मुलूख तेल शोधणाऱ्यांच्या झुंडींनीं भरून गेला. त्यावेळीं युरोपांत महायुद्ध चाललें होतें. दोस्त राष्ट्रांस तेलाची गरज होती. कंपनीच्या नांवांत ‘कोल’ या शब्दापुढें ‘अँड ऑइल’ हे शब्द आले. न्यूयॉर्काहून नवे अधिकारी आले, आणि त्यांचे बंगले ज्या टेंकडीवर बांधले गेले तिला ‘न्यूयॉर्क हिल’ म्हणूं लागले.

गॉर्डन यांनीं कंपनी वांचविली, हें निःसंशय. परंतु ज्या गांवांत त्यांनीं आपलें तारुण्य घालविलें, ज्याचा एकेक रस्ता त्यांच्या देखरेखीखालीं बांधला गेला, त्याच्या मृत्यूचा मार्गहि त्याच विहिरींतून मोकळा झाला. कंपनीस आतां कोळशाची गरज राहिली नाहीं. आणि कंपनीस कोळसा नको म्हणजे थर्बर नको, असा हा सरळ हिशेब होता. यांत कोणा एकाचा दुष्टपणा पाहूं गेल्यास तो सांपडावयाचा नाहीं. गॉर्डन यांनीं तेल शोधलें नसतें तरी आगगाडीनें कोळसा सोडलाच असता, आणि मग गांवाबरोबर कंपनीहि बुडाली असती. संस्था जगावी आणि वस्ती मरावी, असे प्रसंग येतात. आणि वस्तीस संस्थेपासून निराळें असें कांहींच नसेल तर तिच्या बाजूनें बोलण्यास कोणी उरत नाहीं.

युद्ध संपलें, कोळशाची मागणी घसरली. १९२१ सालीं कंपनीनें मजुरी कमी करण्याचें ठरविलें. संघानें नकार दिला. १९०३ चें शस्त्र पुन्हां उपसण्यांत आलें. मजूर घरें सोडून तंबूंत राहिले; संघानें त्यांस पोसलें. पण या वेळीं समोरचा पक्ष हातघाईस आलाच नाहीं. अठरा वर्षांपूर्वीं खाण बंद पडली तर कंपनीचा श्वास कोंडत असे; आतां बंद खाणीनें तिचें कांहीं अडत नव्हतें. ज्यास आपल्या श्रमाची गरज आहे त्याच्याशींच संप करतां येतो. ज्यास ती उरली नाहीं त्याच्याशीं संप करणें म्हणजे रिकाम्या घराचें दार ठोठावणें होय. कांहीं कुटुंबें दुसऱ्या प्रांतांतील खाणींकडे गेलीं, कांहीं शहरांतील कारखान्यांकडे, कांहीं सातासमुद्रांपलीकडे परत इटलीस.

विटांचा कारखाना त्यानंतर कांहीं वर्षें चालला. रेंजरकडील वायूवर त्याच्या भट्ट्या पेटत. परंतु रस्ते आतां डांबराचे व काँक्रीटचे होऊं लागले होते. १९३० च्या सुमारास, जगभर मंदी पसरली असतां, तोहि बंद झाला. १९३३ सालीं कंपनीचें मुख्य कार्यालय फोर्टवर्थला हलविण्यांत आलें. १९३५ सालीं दुकानें मिटलीं.

यापुढील भाग वाचतांना आमच्या मनास विशेष चटका लागला. सामान्यतः ओस गांवांत निदान भिंती उभ्या राहतात. छपरें कालांतरानें कोसळतात, आणि वाटसरूस सांगतां येतें कीं येथें अमक्याचा वाडा होता. थर्बरला तेंहि भाग्य नव्हतें. घरें लांकडाचीं आणि कंपनीच्या मालकीचीं. रिकामीं ठेवून उपयोग काय? म्हणून तीं विकण्यांत आलीं. कोणी घर अख्खें उचलून गाडीवर घालून नेलें, कोणी फळ्या सुट्या करून नेल्या. पाण्याचे नळ उपटले, विजेच्या तारा उतरविल्या. संत बार्बरा ही खाणकाम करणाऱ्यांची रक्षणकर्ती देवी समजली जाते. तिच्या नांवाचें लांकडी चर्चसुद्धां तेथून शेजारच्या मिंगस गांवीं गेलें. दोनतीन वर्षांच्या आंत दहा हजार माणसांच्या गांवाच्या जागीं गवत डोलूं लागलें.

एका गोष्टीस मात्र किंमत येणार नव्हती. ती कोणी नेली नाहीं. गांवाच्या टेंकडीवर श्मशानभूमि आहे. तींत हजाराहून अधिक मंडळी पुरलेली आहेत. जिवंतपणींचे भेद तेथेंहि पाळलेले दिसतात, कॅथलिकांची जागा निराळी, प्रॉटेस्टंटांची निराळी, कृष्णवर्णीयांची निराळी. थडग्यांत लहान बालकांचीं फार आहेत. वीज होती, बर्फ होतें, नाटकगृह होतें. पण लहान मुलांस नेणाऱ्या रोगांवर त्या काळीं तेथेंहि इलाज नव्हता. कुंपणाच्या आंत मजुराच्या मालकीची म्हणून जी जमीन झाली ती एवढीच, एका चिमुकल्या देहापुरती. जे आईबाप शेवटच्या गाडीनें गेले असतील त्यांनीं मागें काय ठेविलें हें सांगण्याची गरज नाहीं.

कंपनीचें पुढें काय झालें? ती भरभराटीस आली. १९६३ सालीं सीग्रॅम या मद्याच्या मोठ्या व्यापारी संस्थेनें ती पंचवीस कोटि डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली; आणि १९८० सालीं तोच तेलाचा धंदा सन ऑइल कंपनीस दोनशें तीस कोटि डॉलरांस विकला गेला. त्या रकमेच्या मुळाशीं अडीच फुटी थरांत कुशीवर पडून उपसलेला कोळसा होता. परंतु धनाला जन्मस्थानाची आठवण राहत नाहीं, हें आपल्या पूर्वजांनीं लक्ष्मीस चंचल म्हणून केव्हांच सांगून ठेविलें आहे.

आणि ज्या रेंजरनें थर्बरचें दैव पालटलें, त्याची तरी कथा निराळी कोठें आहे? १९२० च्या शिरगणतींत तेथें सोळा हजारांच्या वर माणसें होतीं. तेल उधळेपणानें उपसलें गेलें, विहिरी मंदावल्या, आणि दहा वर्षांत वस्ती निम्म्याहून कमी झाली. तरी रेंजर नाहींसें झालें नाहीं. लोक गेले, पैसा गेला, पण गांव लहान होऊन का होईना, उभें राहिलें. याचें कारण आम्हांस असें दिसतें, कीं तेथें ज्याचें घर त्याचें होतें, ज्याची जमीन त्याची होती. ज्यास जावयाचें तो गेला. ज्यास राहावयाचें त्यास ‘ऊठ’ म्हणणारा कोणी नव्हता. एकाच मुलखांतल्या, एकाच खनिजाच्या लाटेवर चढलेल्या आणि उतरलेल्या या दोन गांवांतील हा भेद मननीय आहे.

सांप्रत फोर्टवर्थहून पश्चिमेस जाणारा वीस क्रमांकाचा राष्ट्रीय हमरस्ता थर्बरच्या जागेवरूनच जातो. नोकरीनिमित्त त्या प्रांतांत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तेथील छायाचित्र आम्हांकडे धाडिलें आहे. सपाट माळ, वाहनांची वर्दळ, आणि मधेंच १९०८ चें तें विटांचें धुराडें, ज्यांतून आतां धूर निघत नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस गांवची लोकसंख्या पांच अशी सांगितली जात असे. संत बार्बराचें चर्च पुन्हां आपल्या गांवीं आणून उभें करण्यांत आलें आहे. २००२ सालीं टार्लटन विद्यापीठानें तेथें गॉर्डन यांच्या नांवें उद्योगांच्या इतिहासाचें संग्रहालय उघडलें. जुन्या मजुरांचीं मुलें-नातवंडें दुरून येत, एकत्र जमत, आणि ज्या जागीं एकहि दगड त्यांच्या मालकीचा नव्हता त्या जागेस ‘आमचें गांव’ म्हणत. मालकी कागदावर असते. ममत्व कागद विचारीत नाहीं.

या कथेवरून कोळसा वाईट, तेल वाईट किंवा यंत्र वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. खाणी, कारखाने व मोठे उद्योग यांवांचून आजचा संसार चालावयाचा नाहीं. आपल्या घरांतील कर्तीं मुलें अशाच उद्योगांच्या आश्रयानें देशोदेशीं राहत आहेत. त्यांस राहण्यास चांगलीं घरें, मुलांस शाळा, आजारांत औषध, हें सारें पुष्कळदां मालकाकडूनच मिळतें, आणि तें मिळावें हें इष्टच आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं सोय आणि आधार या दोन भिन्न वस्तु आहेत. थर्बरच्या मजुरास सोय भरपूर होती, आधार नव्हता. सोय देणाराच्या इच्छेवर राहते, आधार घेणाराच्या पायाखालीं असतो. १९०३ सालीं त्या लोकांनीं मजुरी मिळविली, विश्रांति मिळविली, मान मिळविला. गांवाच्या जमिनींतील वांटा मात्र त्यांच्या हातीं आला नाहीं. तो आला असता तर थर्बर कदाचित् श्रीमंत राहिलें नसतें. पण रेंजरप्रमाणें लहानसें होऊन तरी तें टिकलें असतें, आणि त्या टेंकडीवरील बालकांच्या समाध्यांजवळ त्यांचीं भावंडें, पुतणे कोणीतरी राहत असते.

ज्या तरुण मंडळींनीं घरापासून दूर, उद्योगाच्या वसाहतींत बिऱ्हाडें मांडलीं आहेत त्यांनीं मालकाचें काम चोख करावें, त्याची सोय आनंदानें भोगावी. परंतु कोठेंतरी, मग ती कितीहि लहान असो, आपल्या नांवाची जागा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं ऋणानुबंध, आणि एका धंद्यावांचून दुसरें कांहीं येण्याइतकी विद्या, हीं तीन जोडून ठेवावीं. धुराडें केव्हां थंड पडेल हें कोणाच्या हातीं नाहीं. तें पडल्यावर उभें राहावयाचें कोठें, एवढें मात्र आधीं ठरवितां येतें.